पाठ तुडवून घेण्याविषयी

वारजे,
५ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
हिंदुरावाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुझ्या त्या मिसबा डॉक्टरकडे काल जाऊन आलो. तू सांगितलंस म्हणून गेलो, हे आधी लक्षात ठेव. तुझी आखडलेली मान तिनं सोडवली, असं तू म्हणालीस. जी मान अठ्ठ्याहत्तर वर्षं कुणाचं ऐकून वळली नाही, ती एका मुलीनं वळवली असेल तर बाई कर्तबगार असणार, एवढंच मी समजलो.

पाहतो तर आपल्या नातीची, राजनंदिनीची थोरली बहीण शोभावी अशी पोर. मनगट लाटण्याएवढं. तिनं मला कुशीवर झोपवलं, गुडघा दुमडला आणि एकदम दाब दिला. कंबरेत असं कट्ट वाजलं की बाहेर बसलेल्या तुझ्या भाच्याला, विक्रमलाही ऐकू गेलं म्हणे. उठलो तेव्हा पाठ हलकी वाटली, खोटं कशाला बोलू. पण आज सकाळी अंथरुणातून उठता येईना. आधी निदान एकाच जागी दुखायचं, आता सगळी कंबर ठणकते आहे.

वीस तारखेला गावची यात्रा. नाथाच्या पालखीला पुढच्या दांडीचा खांदा आपल्या घराचा, आणि तो घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या पुरुषानंच द्यायचा. एकदा चुकला की मान कायमचा चुलत घराकडे जातो. चुलत घर म्हणजे बापूराव. मी काठी टेकत उभा आहे हे त्याला नुसतं दिसलं, तरी तो आणखी दहा वर्षं आनंदात जगेल.

तुझ्या डॉक्टरला विचार, तिनं नेमकं काय मोडलं.

कंबर गेली, तुझा लोभ तरी जागेवर राहू दे.

तुझा धाकटा भाऊ,
हिंदुराव

*

शनिवार पेठ,
८ एप्रिल

चि. हिंदुरावास,
अ. उ. आ.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मुद्दा एका ओळीचा होता, बाकी कण्हणं.

मिसबाला विचारलं. काहीही मोडलेलं नाही. वर्षानुवर्षं आखडून बसलेले सांधे हलले की भोवतीचे स्नायू एखाद-दोन दिवस कुरकुर करतात, नवा व्यायाम केल्यावर अंग दुखतं तसं. तालमीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं याचं तिला नवल वाटलं. मला वाटलं नाही.

तू निघालास तेव्हा तिनं सगळं समजावून दिलं होतं म्हणे. पाणी भरपूर पिणं, सावकाश चालत राहणं, जड न उचलणं, कंबर न पिळणं, फार दुखलं तर फडक्यात गुंडाळून थोडा वेळ बर्फ. तू मान डोलावत होतास, म्हणून तिला वाटलं, तुला पटलं. तिची चूक नाही. ती तुझ्याबरोबर शाळेत नव्हती.

एव्हाना दुखणं उतरायला हवं होतं. उतरलं नसेल तर घरी जाऊन तू काय केलंस ते खरं कळव. पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीला त्रास, यातलं काही असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, तडक इस्पितळात जा. हे तिनं मला दोनदा बजावलं.

तिच्या मनगटाविषयी तू काय लिहिलंस ते तिला सांगितलं नाही. तुझ्या पोटाविषयी ती काय म्हणाली तेही तुला सांगत नाही.

आशीर्वाद पाठवते. अक्कल पोस्टानं जात नाही.

आक्का

*

वारजे,
११ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न.

मुंग्या नाहीत, बधिरपणाही नाही. लघवीची चौकशी यापुढे पत्रातून करू नये. माझा चष्मा सापडत नाही तेव्हा पत्र सूनबाई मोठ्यानं वाचून दाखवते. हेमा त्या ओळीवर अडखळली, मग तिनं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

दुखणं उतरलेलं नाही, वाढलं आहे. मी काय केलं म्हणून विचारतेस. जाणत्या माणसानं करावं तेच केलं. पाठ हलकी झाली होती, ती तशीच राहावी म्हणून त्याच संध्याकाळी तालमीत गेलो आणि दत्तोबाकडून तुडवून घेतली. तू तालमीची पायरी चढलेली नाहीस, म्हणून सांगतो. कुस्ती झाली की पहिलवान पालथा पडतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर उभा राहून टाचांनी तुडवतो. दुखणं निघून जातं. दत्तोबा आता अंगानं सुटला आहे, पण पाय अजून जाणता आहे. दुसऱ्या दिवशी ठणका लागला म्हणून पुन्हा तुडवून घेतलं. तेव्हापासून रोज जातो. दिवसभरात बरं वाटतं ते तेवढाच वेळ. दत्तोबाच्या मते डॉक्टरणीनं आत इतकं दुखणं भरून ठेवलं आहे की ते काढता काढता यात्रा उजाडेल.

विक्रम म्हणतो, खांदा मी देतो. त्याचा खांदा लॅपटॉपच्या पट्ट्यानं खाली आला आहे. आणि मी धडधडीत जिवंत असताना हा वडीलधारा कसा?

बापूराव रोज सकाळी देवळासमोरच्या बाकावर बसून माझ्या तब्येतीची विचारपूस करतो. काल म्हणाला, वयानुसार माणसानं जपावं. तो माझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे.

लोभ करतेस तो बोलण्यातून दिसू दिलास तर बरं.

हिंदुराव

*

शनिवार पेठ,
१४ एप्रिल

चि. हिंदुरावास,
अ. आ.

तुझं पत्र मिसबाला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिनं दत्तोबाचं वजन विचारलं. मी अंदाजानं सांगितलं, तशी ती खुर्चीत बसली.

तिचा निरोप असा. दत्तोबाला पाठीवरून खाली उतरव. तुडवल्यावर जागा थोडा वेळ बधिर होते, त्याला तू आराम म्हणतोस. आतले स्नायू रोज नव्यानं दुखावतात, आणि ते आवळून धरतात म्हणून तू लाकूड होतोस. आता ती तुला लगेच हात लावणार नाही, आधी हे शांत होऊ दे. कोमट शेक घे. कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. अंथरुणात लोळत पडू नकोस, थोडं थोडं चाल. पालखीमागून पायी गेलास तर उत्तमच. खांदा द्यायचा नाही.

माझा निरोप वेगळा आहे. दुखावलेल्या माणसाला एक जाडा माणूस रोज पायाखाली घेतो आणि तो माणूस दोष देतो डॉक्टरला, असं दृश्य मी आजवर पाहिलं नव्हतं. ते आपल्याच घरात निघालं.

मानाचं म्हणशील तर, तुझी कंबर दांडीखाली अडकली आणि पालखी टेकली, तर गाव तुझे चाळीस वर्षांचे खांदे विसरेल आणि तेवढं एक लक्षात ठेवील. तसंही तुला आणि बापूरावाला वाकून उभं राहिलेलं पाहून देवालाच खाली उतरून चालावंसं वाटत असेल.

एकदा मान गेला की परत येणार नाही, हे मलाही कळतं. मी त्याच घरात जन्मले. मला तो कधी मिळणारच नव्हता, म्हणून बहुधा तुझ्याइतका जीव तुटत नाही.

ऐकलंस तर आशीर्वाद. नाही ऐकलंस तरी तेच, पण नाइलाजानं.

आक्का

*

वारजे,
२२ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दत्तोबाकडे जाणं बंद केलं. तो रुसला. शेक घेतला, अंगणात येरझाऱ्या घातल्या, गुडघ्यांत उशी घेऊन झोपलो. घरातल्यांनी हसून घेतलं. ठणका उतरत गेला. तुझ्या डॉक्टरला सांगू नकोस, एवढ्यात नको.

यात्रेच्या सकाळी ताठ उभा राहिलो. इतका ताठ की वाटलं, द्यावाच खांदा. फेटा बांधून देवळात गेलो, दांडीला हात घातला. वजन यायच्या आधीच कंबर आतून आवळली. हात काढला आणि बापूरावाला म्हणालो, ये. गाव वळून पाहायला लागलं. मी त्याला ये म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं एकदा नाही म्हणायची तरी रीत पाळावी? आलाच.

मी मागून चालत राहिलो. चौकात पालखी नाचवतात. बापूराव नाचला. मी नाचलो असतो त्याहून जास्त नाचला, मला दिसावं म्हणून. आणि खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. लोकांनी त्याला दांडीखालून ओढून बाजूला घेतलं.

मला आनंद झाला. तुला खोटं लिहिणार नाही. पण तो त्याच्यापर्यंत पोचेपर्यंतच पुरला. दत्तोबा चपला काढून पुढे आला होता. पालथा घाला म्हणाला, आणि चारजण बापूरावाला पालथा घालायला लागलेसुद्धा. मी मध्ये शिरलो. दत्तोबाला म्हणालो, याच्या पाठीवर पाय ठेवायचा तर आधी माझ्याशी कुस्ती कर. खालून बापूराव ओरडत होता, याला हाकला, हा मला मारायला आलाय. मी त्याला मुंग्यांचं विचारलं, बधिरपणाचं विचारलं, आणि सगळ्या गावादेखत लघवीचंही विचारलं. त्यानं माझ्या आईचा उद्धार केला. ती त्याची सख्खी काकी होती, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

गोळेवाल्याकडून बर्फ घेतला. फडकं नव्हतं, फेटा सोडला. नंतर दवाखान्यात दाखवून आणलं. हाड शाबूत आहे. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, म्हणून आमच्याकडेच आहे. मी त्याला अंगणात चालवतो. डॉक्टरला मी दिल्या नसतील एवढ्या शिव्या तो मला देतो. पुढच्या आठवड्यात दोघेही मिसबा डॉक्टरकडे येऊ. तिला आधी सांगून ठेव, हा मान डोलावतो.

तू विचारशील म्हणून लिहितो. पालखी नाचायला लागली की थांबत नाही. आम्ही खाली भांडत असताना पुढच्या दांडीखाली कुणाचा तरी खांदा गेला आणि ती पुढे निघून गेली. कुणाचा, ते मी पाहिलं नाही, बापूरावानंही नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दोघांनी अजून विचारलेलं नाही. विचारलं, की मान कुणाच्या घरचा ते ठरवावं लागेल.

लोभ ठेव.

हिंदुराव