गालावरचा लाल

मी, खाली सही करणार, वय एकोणसत्तर, पूर्वीचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हात थरथरतो असं डॉक्टरांनी दाखल्यात नोंदवलं आहे. डोकं ठिकाणावर आहे, हेही त्यांनीच लिहिलं. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खरं फार थोडं होतं.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. मोरीतला नळ गळतो, तो आधी बदलून घे.

कलम दोन. पाट्यांचे ब्रश, शिडी आणि अक्षरांचे साचे खालच्या फ्रेमवाल्याला. मेल्याने माझी एकही चौकट सरळ ठोकली नाही. तरी देतो, कारण आजारपणात रोज चहा घेऊन जिना चढला तो तोच.

कलम तीन. चार रंगांच्या नळ्या कुणालाही देऊ नयेत, फेकून द्याव्यात. साठाव्या वर्षी मी माणसाचं अंग रंगवायला शिकू लागलो. मास्तरांनी माझी रंगपेटी बाजूला सारली आणि पांढरा, काळा, लाल आणि मातकट पिवळा एवढेच हातात दिले. काळ्यात पांढरा मिसळून पिवळ्याशेजारी ठेवला की शिरेचा निळा दिसतो. जन्म भडक रंगांत गेलेला; चार नळ्यांतून जिवंत कातडी निघते हे पाहून मी वेडाच झालो. मास्तरांचा दंडक होता, अंग पिवळं आलं तर पिवळ्याचा हात जड झाला समजायचं आणि लाल वाढवायचा. त्यांच्यावर राग धरून पाहिला, टिकला नाही. ते चित्राबद्दल बोलत होते.

कलम चार. बायकोची सात चित्रं. ती रोज सकाळी खिडकीशी बसायची. तिसऱ्या चित्रापासून गाल पिवळा येऊ लागला. मी लाल वाढवला. सहाव्यात डोळ्यांचा पांढराही पिवळट आला, तो नळीतला कोरा पांढरा लावून सुधारला. अंगाला खाज सुटते, बसवत नाही, म्हणायची. मी हलू नकोस म्हणायचो. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

सातवं चित्र चालू असताना मेहुणी आली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, दारातूनच म्हणाली, "भाऊजी, ताई पिवळीजर्द झालीय. रोज समोर बसवता आणि दिसत नाही?"

मी म्हणालो, "खिडकीचा उजेड तसा आहे."

तिनेच ओढून दवाखान्यात नेलं. यकृताशी गाठ होती. दोन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बाराव्या दिवशी बायको गेली.

कलम पाच, मुलीसाठी. मावशीने चारचौघांत मला बोल लावला, तेव्हा मी तुला सांगितलं की तिचा डोळा तुझ्या आईच्या बांगड्यांवर आहे. बांगड्यांबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. ते मी रचलं. तू नऊ वर्षं तिचं तोंड पाहिलं नाहीस, लग्नालाही बोलावलं नाहीस. ते पाप माझं आहे, तुझं नाही.

गेल्या महिन्यात मी सातव्या चित्राचा गाल सुरीने खरवडला. लालाखाली पिवळा निघाला, अगदी तुझ्या आईच्या अंगाचा, मीच पहिल्या दिवशी लावलेला. म्हणजे दिसलं नव्हतं असं नाही. मला दिसलं होतं, आणि मी ते झाकलं.

हे चित्र मेहुणीला द्यावं. पोरी, ते तू स्वतः घेऊन जा. ही अट नाही. अट घातली तर घरासाठी आलीस असं तिला वाटेल. तिने दार उघडलं तर एवढंच सांग, "मावशी, बाबांना दिसलं होतं."

बाकी सहा चित्रं माझ्याबरोबर जाळावीत. सातव्याच्या गालाला कुणी रंग लावू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही : लिहून देणार

साक्षीदार : १. समोरचे शिंपी २. दाखला देणारे डॉक्टर
सही आम्हा दोघांच्या देखत झाली.

स्थळ : राहत्या घराची खिडकीकडची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ