‘जेवणानंतर’ असे मी लिहिले होते

तात्या, आज इंदापूरच्या आमच्या दवाखान्यात कळंबहून एक आजी आल्या होत्या. रक्तदाब इतका वाढलेला, की मी पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजला. सकाळची गोळी घेतली का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “आज चतुर्थी हाय न्हवं? चंद्र दिसल्याबिगर कसली गोळी?” गोळीने उपवास मोडत नाही, असे मी सांगू लागले, तर म्हणाल्या, “लगीन झालंय का तुझं? मग उपासाचं मला शिकवू नगंस.” बाकावरच्या साऱ्या जणी हसल्या. तरी पाण्याचा पेला धरून मी त्यांच्यासमोर उभीच राहिले, गोळी पोटात जाईपर्यंत.

तुमच्यासमोर मला असे उभे राहता आले नाही. बारामतीला नर्सिंग शिकत असताना मी सुट्टीला पणदऱ्याला येई, तेव्हा तुम्ही बाही वर सारून ओसरीवर आधीच बसलेले असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, “गप ऱ्हावा जरा, मोजू द्या तिला. वर्गात पयली हाय आमची लेक.” रक्तदाबाच्या गोळीचे डॉक्टरांनी ‘रोज सकाळी एक’ एवढेच सांगितले होते. तुम्हाला पित्ताचा त्रास, म्हणून ‘जेवणानंतर’ हा शब्द मी माझ्या मनाने जोडला आणि गोळ्यांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली. अक्षर सुरेख आले, याचेच मला समाधान.

त्या वर्षी माझ्या शेवटच्या परीक्षेसाठी तुम्ही नवरात्राचे नऊही उपवास धरले होते. आठव्या माळेला मी घरी येते, तर तुम्ही गोठ्यात गाईची धार काढताय. डोके जड झाले आहे, म्हणता. धार संपल्यावर तिथेच बसवून मी रक्तदाब मोजते, आकडा पाहते आणि हळूच विचारते, “तात्या, गोळ्या चालू आहेत ना?”

“चालू हायत की. पर उपासाला जेवण कुठलं? तूच लिवलंयस जेवल्यावर म्हणून. तुझ्या लिवण्याबाहेर मी न्हाय जायाचा.”

केवढा अभिमान होता त्या बोलण्यात! माझे चुकले, आत्ताच्या आत्ता घ्या, एवढेच म्हणायचे होते. पण पहिली येणाऱ्या मुलीला ‘चुकले’ म्हणण्याची सवय नसते. दोन दिवसांत उपवास सुटणारच आहे, अशी मी मनाची समजूत घातली आणि तोंडी परीक्षेचे पुस्तक उघडून बसले.

दसऱ्याला पहाटे तुमच्या हातातून तांब्या पडला. तो हात पुन्हा उचलला गेला नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. दसऱ्याला तुम्हाला दवाखान्यात न्यायला गाडीत घालत होते, तेव्हा मी आत जाऊन डब्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढत होते.

आता प्रत्येक रुग्णाला मी आधी विचारते, कोणते वार धरता, कोणता उपवास कडक करता, आणि त्या दिवशी गोळीचे काय करता. मोठ्या सिस्टर नव्या मुलींना सांगतात, हिच्याकडून शिका. मी मान खाली घालते. त्यांना तो माझा लाजाळूपणा वाटतो.

आई अजून म्हणते, “औषधाच्या बाबतीत लई बेफिकीर हुता माणूस.” तात्या, हे तिला मीच सांगितले होते, तुमचा दहावा व्हायच्या आत. आज तिला खरे सांगायचे, असे ठरवून घरी आले. ती पलीकडे मेथी निवडत बसली आहे, आणि मी इथे तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही काही विचारणार नाही.