कॉन्टेसा परण्याला गेली तेव्हा

नेवासा,
दि. २४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आत्याबाई यांना,
अश्विनीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? शेवगावात उन्हाचा चटका फार असेल. दुपारी पत्र्याखाली निजू नका. इकडं शेळी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही पाटीच, बोकड एकही नाही. कुरडया घातल्या, पण तुमच्या हातच्या जशा पांढऱ्या होतात तशा झाल्या नाहीत. चीक जास्त शिजला बहुतेक.

मोनिकाताई, पत्र तुम्हीच वाचून दाखवाल. आपल्या आईला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नका. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की आत्याबाई 'बरं, ठेव' म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

आत्याबाई, यांची कॉन्टेसा गाडी मी विकली नाही. संगमनेरचा तो माणूस परत येऊन गेला. जुन्या गाड्या जमवायची हौस आहे त्याला. त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. हे गेल्यावर 'बाईमाणसानं लग्नाला गाडी भाड्यानं लावायची, लोक काय म्हणतील' असं म्हणून दिवाळीत तुम्ही लेकीकडं निघून गेलात. तुमचा राग मला कळतो. पण नुसत्या ब्लाऊज शिवण्यावर माझं भागत नाही, आणि दारातून गाडी गेली की घर कसं दिसेल तेही मला बघवणार नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. फेब्रुवारीत एका लग्नात मोठा अपघात होता होता राहिला. गाडी जागेवर उभी असताना एसी लावला की इंजिन धापा टाकून बंद पडायचं. वरातीत गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते. म्हणून आपल्या सुनील ड्रायव्हरनं स्क्रू पिळून इंजिनाचा वेग कायमचाच वाढवून ठेवला. एसी चालू असेपर्यंत ते ठीक होतं. पण आत गार झालं की एसीचं मशीन आपोआप थांबतं. ते थांबलं, इंजिनावरचं ओझं उतरलं आणि पहिल्या गिअरात रांगणारी गाडी एकदम पुढं रेटली. पुढच्या ढोलवाल्याला बंपर लागला. तो पडला, कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. सुनीलनं संध्याकाळी चावी माझ्या हातात दिली. म्हणाला, "वहिनी, ही गाडी कुनाचा तरी जीव घील. मी न्हाई आता हिच्यावर बसनार."

त्या दिवशी विकलीच असती. पण मग आठवलं, हे असताना एसी लावला तरी गाडी कधी बंद पडत नव्हती. म्हणजे काहीतरी नंतर बिघडलंय. बॉनेट उघडून मी बसले. यांना बॅटरीचा उजेड दाखवायला शेजारी उभी राहायचे तेवढीच माझी विद्या. कार्बोरेटरच्या बाजूला एक चपटी डबी असते. एसी लागला की ती इंजिनाच्या ओढीनं एक दांडी जराशी खेचते आणि इंजिनाला तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल-हवा देते. पोतं पाठीवर घेताना माणूस पाय रोवतो तसं. त्या डबीला जाणारी रबरी नळी वाळून चिरली होती. हवा तिथूनच गळत होती, डबी ओढणार कशानं?

नवी नळी नगरहून मागवली. कार्बोरेटर धुतला. सुनीलनं पिळलेला स्क्रू आधी उलटा फिरवून, एसी बंद ठेवून, इंजिन शांत चालेल असं केलं. मग एसी लावून त्या डबीचा नट थोडा थोडा आवळला. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी हात भाजला. नंतर एका सकाळी एसी लावला, इंजिन जरासं वाकलं आणि लगेच सावरलं. एसी बंद केला, पुन्हा शांत. मी बॉनेटवर हात ठेवून किती तरी वेळ उभी होते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून शेळीला सांगितलं.

मग कुकाण्याच्या छबूबाईंचा फोन आला. मुलाचं, ओंकारचं लग्न नेवाशात, रविवारी. परण्याला, मारुतीपासून मांडवापर्यंत नवरदेव मिरवायला, गाडी पाहिजे. "ड्रायव्हर हाय ना?" त्यांनी विचारलं. मी 'आहे' म्हणाले. खोटं नव्हतं ते, चालवणार मीच होते.

रविवारी मारुतीपुढं गाडी लावली, हार घातले. नवरदेव आणि दोन करवल्या मागं बसले. तेवढ्यात नवरदेवाच्या चुलतीनं मला पाहिलं. ती छबूबाईंच्या कानाशी लागली. छबूबाई खिडकीपाशी आल्या. त्यांच्याही कपाळावर काही नव्हतं, हातात एकेक पाटली.

"बाई," त्या इतक्या हळू बोलल्या की मला काच पूर्ण खाली करावी लागली, "राग मानू नगा. जाऊ म्हनती, परन्याच्या गाडीवर... तुमी समजून घ्या. मी तरी कुठं पुढं हाय? माझ्या लेकाला हळद लावली ती बी जावंनंच."

मी उतरले. चावी नवरदेवाच्या चुलत्याला दिली. भांडले नाही, आत्याबाई. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात, उतर म्हणून. ते माझ्या मनात आलं आणि खूप लागलं.

परण्या निघाला. सगळ्यात पुढं डीजे, मग नाचणारी पोरं, मग गाडी. मी गाडीच्या मागं चालत होते, कान इंजिनाकडं. बघते तर छबूबाईही शेजारी चालतायत. नवरदेवाची आई, आणि मिरवणुकीच्या शेपटाला! डीजेत काही ऐकू येत नव्हतं, पण पावलोपावली गाडी थांबली की मी मागच्या नळीचा धूर बघायचे. एसी लागला, सावरली. थांबला, शांत. एकदाही बंद पडली नाही, एकदाही पुढं उसळली नाही. आत माझ्या गारव्यात नवरदेव बसला होता आणि बाहेर आम्ही दोघी रस्त्याच्या डांबरावर. मध्येच छबूबाईंनी आपला पदर माझ्याही डोक्यावर धरला.

लग्न लागलं, जेवणं झाली. नवरी घेऊन कुकाण्याला निघायच्या वेळी चुलत्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. छबूबाईंनी त्यांच्या हातातून चावी घेतली आणि सरळ माझ्याकडं आल्या. "माझी सून हाय गाडीत. तुमीच चला." जाऊबाई काही म्हणू लागल्या, तर म्हणाल्या, "सकाळी तुझं आयकलं. आता माझं."

त्या माझ्या शेजारी पुढं बसल्या. भेंडा गाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "बाई, एक इचारू? दारात सुनंला ओवाळायला मी उभी ऱ्हायले तर काय व्हईल?"

मी म्हणाले, "घर तुमचं. तुमच्याशिवाय तिला कोण आत घेणार?"

आत्याबाई, त्या उभ्या राहिल्या. कुणी काही म्हणालं असेल, मला ऐकू आलं नाही. ओवाळताना निरांजन विझलं, नवरीनंच ते पुन्हा लावून दिलं. सून आत गेली. मी गाडी वळवत होते, तर त्या ताट घेऊन बाहेर आल्या. गाडीला कुंकू लावलं. मग खिडकीतून हात आत घातला आणि बोट माझ्या कपाळापाशी आणून थांबल्या. मला मान मागं घेता आली असती. मी घेतली नाही.

तिथून शेवगाव किती जवळ. वाटलं, असंच तुमच्या दाराशी यावं. पण तशा कपाळानं तुमच्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही. नेवाशाला परत आले.

आणि खरं सांगायचं ते एवढंच नाही. छबूबाईंनी लावलेलं कुंकू घामानं गेलं होतं. ते त्यांचं होतं, मी त्यांच्यावर ढकलू शकले असते. पण सोमवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या हातानं टिकली लावली. मंगळवारीही लावली. हे लिहितानाही आहे. तुमचा लेक मी विसरले म्हणून नाही, आत्याबाई. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

येत्या रविवारी मी शेवगावला येते, अशीच. आत घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते माझ्याकडं बघून तुमच्या तोंडानं सांगा. मोनिकाताईंच्या हातून निरोप धाडू नका.

तुमची सून,
अश्विनी