वरच्या मजल्यावरचा परदेश

धाकटीस थोरलीकडून भरभरून आशीर्वाद.

मी कोण हे आठवत नसेल तर सांगते: जिच्या घरी तू दर खेपेला चष्मा विसरतेस, आणि परत गेल्यावर माझा चष्मा कुणी नेला म्हणून तिच्यावरच डाफरतेस, ती मी. तुझी पाठ कशी आहे? माझी आहे तिथेच आहे, फक्त माझं ऐकत नाही. पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. (लिही गं मुकाट्याने. स्वतःचं कौतुक आलं की पेन थांबवायचं नाही.)

तर आपल्या पोरीला परदेशात पूल बांधायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. घरात आनंदीआनंद, फक्त तिच्या बापाचं तोंड उतरलेलं. माझा लेक दिवसभर बसची इंजिनं खोलतो, पण पोरीचा विषय निघाला की त्याचंच इंजिन बंद पडतं. हिने कधी स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, ही परक्या मुलखात एकटी काय राहणार, म्हणून त्याने अट घातली: महिनाभर वरच्या खोलीत परदेश समजून राहायचं. स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं एकटीनं. घरच्यांकडे एकदा जरी मदत मागितली, तर जाणं रद्द. पोरगी हो म्हणाली, पण तिनेही अटी घातल्या. वर यायचं तर आधी कळवायचं, दार वाजवायचं, आणि बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तिकडे म्हणे असंच असतं. मला शेजारीण नेमलं, कारण घरात रिकामटेकडी मीच.

पहिल्याच आठवड्यात बटाटे करपले आणि धूर जिन्यावरून खाली आला. लेक पाण्याची बादली घेऊन वर धावला. पोरीने दार बोटभर उघडलं, तुम्ही येणार असल्याचं कळवलं नव्हतंत, असं अगदी अदबीने म्हणाली, आभार मानले आणि दार लावून घेतलं. माझा एवढा थोरला लेक बादली धरून जिन्यात उभा! मला हसून हसून खोकला लागला. पण सांगते, ते करपलेले बटाटे तिने खाल्ले, आणि पातेलं असं घासलं की त्यात मला माझ्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या.

मग तिला ताप आला. लेक जिन्याशी येरझारा घालतो आहे, पण न कळवता वर जायची चोरी. शेवटी पोरगीच शाल गुंडाळून, कठडा धरत खाली आली, आणि आपल्याच घराचं दार तिने वाजवलं. म्हणाली, "मी वर राहते, इथे नवीन आहे. अंगात ताप आहे. जवळपास डॉक्टर कुठे मिळतील?" सून पडली नर्स. तिने हात धरून आत बसवलं, तोंडात थर्मामीटर घातलं, आणि विचारते कशी, "एकट्याच राहता का हो तुम्ही?"

लेक पुटपुटला, मदत मागितली, अट मोडली. त्याला हायसं वाटलं की वाईट, ते त्यालाही कळत नसावं. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, अरे, घरच्यांकडे कुठे मागितली? अनोळखी दार वाजवून, न लाजता, काय हवं ते नेमकं सांगितलं तिने. तू रस्ता चुकलास तर गावभर फिरशील, पण कुणाला विचारायचा नाहीस! त्याने तिची घसरलेली शाल सारखी केली आणि म्हणाला, आधी बरी हो, मग बॅग भरू. तापाने फणफणली होती, धाकटे, तरी सोंग सोडलं नाही बघ. आपल्या खानदानात इतकी धीट मुलगी झाली नाही, तुला धरून. (हे खोडायचं नाही.)

तुझी थोरली

ता. क. हे मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे, नातीला कळता कामा नये. तिची तालीम झाली, आमची कुणाचीच झाली नाही. ती नुसती दुकानात गेली तरी मी छताकडे बघत बसते. तेव्हा ती निघाली की तू वरच्या खोलीत राहायला ये. आणि वर जरा जोरात चाल.

ता. क. आणखी एक. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं आहे (सूनबाई, तू नुसतं लिही, ऐकू नकोस), म्हणून मधाची मोठी बरणी पाठव, आणि वर पोरीचं नाव घाल.