व्हिटॅमिनची बाटली

हुडकेश्वर, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. केयूर यास अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. मावशीच्या चिन्मयीचं लग्न झोकात झालं. तू आला नाहीस म्हणून मावशी रुसली आहे, तिला फोन कर. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

लग्नाआधी माझ्या तोंडावर पुरळ उठलं होतं. कामाला येणारी प्रेमिलाही म्हणाली, "काकू, तोंडाले काय झालं जी?" छातीत जुनी सूज आहे असं सांगून तू व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्यास, त्याच उष्ण पडल्या असणार, असं मी ठरवलं आणि बंद केल्या. एकोणीस दिवस. पुरळ गेलं, फोटो छान आले.

काल तपासणीला एकटीच गेले. बाटली दाखवून गोळ्या बंद केल्याचं सांगितलं, तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काकू, कॅन्सरची गोळी काहून बंद केली जी?"

बाकावर बसले, पाणी प्यायले आणि मग सगळं विचारून घेतलं. माझ्या फुफ्फुसातल्या गाठीत एक विशिष्ट बदल आहे, ही गोळी नेमकी त्यालाच अडवते. पुरळ तिच्यामुळेच येतं, त्यावर मलम मिळतं. गाठ दबून राहते, कायमची जाईलच असं नाही. एवढं समजतं रे मला, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय!

पाकिटातल्या गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरणारा माझा मुलगा! रिक्षात तुला मनातल्या मनात चांगलं झापलं. घरी येऊन तुझ्या बाबांचा फोटो पाहिला आणि राग उतरला.

त्यांना त्यांचा आजार मीच कळू दिला नव्हता. शेवटच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, "सुहास, मी बरा होतोय ना?" मी म्हटलं, औषध घ्या. त्यांना कोणाला भेटायचं होतं, काय बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. तू तेव्हा दारात उभा होतास. माझ्याकडूनच शिकलास.

म्हणून आता ऐक. आजपासून गोळी मी माझ्या हाताने, तिचं नाव छापलेल्या पाकिटातूनच घेणार. एकही दिवस चुकणार नाही. त्या एकोणीस दिवसांत गाठ वाढली का, ते सोमवारी स्कॅनमध्ये दिसेल. दवाखान्यात तुझा नंबर काढून माझा दिला आहे. तुला यायचं असेल तर ये, पण रडवेलं तोंड घेऊन येऊ नकोस.

रिपोर्ट आधी मी वाचेन, मग तुला सांगेन, जसा असेल तसा. घाबरले तर तेही सांगेन.

यापुढे कोणालाच अंधारात न ठेवणारी,
तुझी आई