बंड्याचे श्रावणी सोमवार

२५ जुलै
आपला श्रावण आज लागला. इथल्या भोपाळवाल्यांचा पंधरा दिवस आधीच लागतो. यांना सगळ्याचीच घाई. यंदा सोमवार कडक करणार. आपला कुत्रा बंड्यासुद्धा. धनी उपाशी आणि कुत्रा हादडतोय, शोभत नाही. मंजूषा म्हणाली, अहो, मुक्या जिवाला कसला उपास? बायकोला अध्यात्म कळत नाही.

२८ जुलै, सोमवार, दुपारी
बंड्या गच्चीवर बांधलाय. गप्प पडलाय. संस्कार! मी साबुदाण्याची खिचडी घेतली. दोनदा.

संध्याकाळी
घात झाला! शेजारच्या अच्युतरावांनी कठड्यावरून बंड्याला उकडलेली अंडी दिली. श्रावणात! हा विधुर माणूस आमच्या अख्ख्या अयोध्या नगर कॉलनीतल्या कुत्र्यांचा लाडका. मंजूषाचंही उठता-बसता तेच, अच्युतराव किती प्रेमळ हो! एकवीस वर्षांच्या संसारात मला एकदा तरी म्हणाली का? मी जळत वगैरे नाही. त्याला फक्त आत टाकायचंय.

३० जुलै
कुत्र्याचा उपास मोडणं म्हणजे छळच, म्हणून प्राण्यांच्या छळाचा कायदा मोबाईलवर वाचला. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. हात्तिच्या! एवढ्यात धड पोहे-जलेबी येत नाही. पण तीन वर्षांत पुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे अच्युतरावांना अजून एक सोमवार द्यायला हवा.

४ ऑगस्ट, सोमवार
बंड्याला पाणीही ठेवलं नाही. सापळा पक्का हवा. अच्युतराव आलेच! अंडी मात्र आमच्याच कुकरमध्ये उकडलेली. मंजूषाला विचारलं तर म्हणाली, मग काय करू?

५ ऑगस्ट
पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुंशीजींना सगळं सविस्तर सांगितलं: दोन्ही सोमवार मी स्वतः कुत्र्याला दिवसभर उपाशी बांधून ठेवलं, तरी या माणसाने खायला घातलं. त्यांनी विचारलं, बांधा किसने? अभिमानाने म्हणालो, मैंने. मग त्यांनी समजावलं की मालकाने अन्नपाणी न देणं हाच गुन्हा, आणि मी तर दो-दो बार कबूल करतोय. त्यांनी मंजूषाला फोन लावला. ती आली, तेही अच्युतरावांच्या स्कूटरवर. साहेब, यांना सोडा, कुत्रा अच्युतराव सांभाळतील, म्हणाली. ताकीद देऊन सोडलं. तसा नैतिक विजय माझाच.

७ ऑगस्ट
संध्याकाळी घरी कोणी नाही. चहाही नाही. बंड्याला बघायला म्हणून अच्युतरावांच्या फाटकाशी गेलो. बंड्या माझ्यावर भुंकला. तेवढ्यात आतून मंजूषाचा आवाज आला, अहो, कोण आलंय बघा हो.
मी ओ देणार होतो. अच्युतराव बाहेर आले.