वीस अंशांचा कोन आणि तुझं अर्धं पत्र

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं मनातल्या मनात झालं असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला, की अजून तू त्यांना डोक्यावर टॉवेल घालून वाफेपुढे बसवतोस? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. बरे म्हणजे तीन माणसांत मिळून दोन बोटांना चिकटपट्ट्या आहेत. त्यांतलं एकही बोट आईचं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण तू माझं पत्र हातात घेतलंस की पहिल्यांदा 'आई' हा शब्द कुठे आहे ते शोधतोस आणि मग वरून वाचायला लागतोस.

तुझं पार्सल मिळालं. पत्रही मिळालं, पण अर्धंच. पहिला कागद सगळ्यांनी नीट वाचला. गेल्या महिन्यात भोपळा चिरताना आईचं बोट कापलं ते ऐकून तुला कसंतरीच झालं. बोथट सुरी घसरते, धारेची घसरत नाही, म्हणून तू हा धार लावायचा सिरॅमिकचा दांडा पाठवतो आहेस. आणि तसंही या वयात आईने स्वयंपाकघरात उभं राहायचं काही कारण नाही, तुमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहेत, तेव्हा तू तिला आता कायमची घेऊन जाणार आहेस. कधी आणि कसं ते दुसऱ्या कागदावर, असं लिहून पहिला कागद संपतो. दुसऱ्या कागदाच्या सध्या एकोणीस पट्ट्या झाल्या आहेत. त्या कशा झाल्या हे सांगायलाच आज बसले आहे.

आमच्या सुऱ्या बोथट होत्या हे मी मान्य करते. टोमॅटो कापायचा तर आधी त्याला नखाने भोक पाडून द्यावं लागे, मग सुरी आत शिरायला तयार होई. पाव कापला की त्याचा चुरा होई आणि तो चुरा आम्ही दुधात घालून खात असू, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की सुऱ्या अशाच असतात. तुझा दांडा आला तेव्हा आईने तो खोक्यातून काढला, उजेडात धरून फिरवला, अंगठा घासून पाहिला आणि म्हणाली, "हे तर कपाचं बूड आहे, लांब ओढलेलं." (तुला आठवत असेल, आपल्या लहानपणी ती कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी चार वेळा घासायची. पुढे या घरात सगळे कप काचेचे आले आणि ती विद्या बंद पडली.) तेव्हाच दांडा तिच्या हातात राहू दिला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण खोक्यात माहितीचा कागद होता, आणि तो तुझ्या मेहुण्यांनी वाचला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला माहितीचा कागद वाचू देऊ नये. त्या कागदावर लिहिलं होतं की सुरी दांड्याशी वीस अंशांचा कोन करून धरावी. आपण असं काही वाचलं की 'जरा तिरकी धरा' असं समजून पुढे जातो. हे कोनमापक घेऊन आले. कोनमापक दांड्याला टेकवला की सुरीला जागा राहीना, आणि सुरी धरली की कोनमापक पडे. मग त्यांनी एक चौकोनी कागद घेतला, त्याचा कोपरा म्हणजे नव्वद अंश, तो दुमडला की पंचेचाळीस, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती पाचर दांड्याशी धरून सुरी तिच्यावर टेकवायची. झालं काम. पण वरचे अडीच अंश त्यांच्या घशाखाली उतरेनात. जेवताना दोनदा म्हणाले, "अडीच अंश जास्त होतायत." आई म्हणाली, "अडीच अंशांनी भोपळ्याला राग नाही यायचा. तुम्ही जेवा."

पद्धत तशी सोपी आहे. दांडा उभा धरायचा, त्याचं टोक ओल्या फडक्यावर टेकवायचं म्हणजे सरकत नाही. सुरीचा मुठीकडचा भाग वर दांड्याला लावायचा आणि खाली येता येता टोकापर्यंत हलक्या हाताने ओढायची. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, असं पाच-सहा वेळा. यातले 'हलक्या हाताने' हे दोन शब्द तुझ्या मेहुण्यांच्या नजरेतून सुटले. हा माणूस नळ असा बंद करतो की उघडायला मला दोन्ही हात लागतात. त्यांनी दात-ओठ खाऊन सुरी ओढली आणि दांड्यातून असा काही आवाज निघाला की मी पेन्सिल टाकून कानांवर हात ठेवले. तिसऱ्या ओढीला दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट उभ्या.

"वर काय चाललंय विचारलं तर रागावणार नाही ना?" त्या म्हणाल्या. "खुर्चीत एक आजोबा आहेत. मी अजून हत्यार हातात घेतलेलं नाही आणि ते ओरडतायत."

ह्यांनी त्यांना कोन समजावून सांगितला. बाईंनी मान डोलावली, दांडा पाहिला, सुरी पाहिली, आणि जाता जाता म्हणाल्या की आमच्याकडे पण दोन आहेत, अगदीच गेलेल्या, आणू का उद्या? तक्रार करायला आलेलं माणूस गिऱ्हाईक होऊन परत गेलं.

आता कागदाचं प्रकरण. धार लागली की नाही हे पाहायची शास्त्रीय रीत अशी की एका हातात कागद लोंबता धरायचा आणि वरून सुरी फिरवायची. कागद फाटला तर धार नाही, सरळ कापला तर आहे. शहाण्या माणसाने हे शेवटी एकदा करावं. तुझे मेहुणे दर पाच ओढींनंतर करत होते, कारण त्यांनी निरीक्षणांचा तक्ता आखला होता. आधी वर्तमानपत्र संपलं. मग ते म्हणाले, हा कागद फार भुसभुशीत, याच्यावर निष्कर्ष काढता येत नाही. वहीचा कागद दिला, तो जाड. त्यांना पातळ, गुळगुळीत, एकटा कागद हवा होता. तू पत्राला किती छान कागद वापरतोस दादा, हे त्या दिवशी कळलं. टेबलावर माझी तपासायची मुद्रितं, आईची भाजी, ह्यांचा तक्ता, सगळा पसारा. त्यात तुझा दुसरा कागद कोरी बाजू वर करून पडला होता आणि त्यांच्या हाताला लागला. त्यांनी त्याच्या एकसारख्या एकोणीस पट्ट्या कापल्या. एकोणिसावी कापताना खुशीत ती उलटी करून उजेडात धरली, तेव्हा तिच्यावर अक्षर दिसलं, आणि ते तुझं निघालं. त्या पट्टीवर '…ळवारी सका…' एवढंच आहे. धार मात्र उत्तम लागली होती, हे तक्त्यात नोंदलेलं आहे.

बोटं त्यानंतर कापली. ह्यांचा अंगठा, कारण कागद संपल्यावर धार अंगठ्याने पाहिली. माझी करंगळी, कारण मी सुरी सवयीप्रमाणे बाकीच्या भांड्यांबरोबर मोरीत टाकली आणि सवयीप्रमाणेच हात घातला. आईला काही झालं नाही. तिने पहिला कांदा घेतला, सुरी टेकवली, आणि सुरी खाली पाटापर्यंत पोचली तेव्हा ती थांबली. इतकी वर्षं खांद्यातून जोर लावून चिरत होती, तो जोर तिने तिथल्या तिथे काढून घेतला. दुसरा कांदा नुसत्या मनगटावर. मग तिसरा, चौथा, सातवा.

"आई, इतके कांदे कशाला?"

"कापले जातायत म्हणून," ती म्हणाली.

दोन दिवसांनी दांड्यावर काळे पट्टे उठले. ह्यांना वाटलं, दांडा वाया गेला. कारखान्याला पाठवायच्या पत्राचा मसुदाही झाला होता. आईने माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि दांडा पुसला, आपण लहानपणी पाटी पुसायचो तितक्या सहज. ते काळं म्हणजे सुरीचंच लोखंड असतं, रबराने निघतं. (माझं खोडरबर आता काळं आहे आणि लेखकांची मुद्रितं त्याहून काळी.) तेव्हापासून हे खातं आईकडे आलं. तिने नियम केलेत. सुरी वापरली की लगेच धुवायची, पुसायची, मोरीत टाकायची नाही. खणात मोकळी ठेवायची नाही. तुझ्या पार्सलच्या पुठ्ठ्याची म्यानं ह्यांनी शिवून दिलीत. करवतीसारखे दात असलेली पावाची सुरी दांड्यावर घासायची नाही. आणि दांडा उंचावर ठेवायचा नाही, कारण दिसायला काठीसारखा असला तरी पडला तर बशीसारखा फुटतो. डॉक्टरीणबाई आता रोज सकाळी सुऱ्या घेऊन येतात आणि आईकडून शिकतात. परवा आई त्यांना म्हणाली, "अहो, इतका जोर नको. दात काढताय का?" बाई हसून हसून खुर्चीतच बसल्या.

दादा, तू म्हणतोस तिने आता आराम करावा. बोट कापलं होतं तेव्हा तिने आठ दिवस आराम केला. मी टेबलाच्या या बाजूला मुद्रितं तपासत होते आणि ती पलीकडे पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. त्या आठ दिवसांत ती मला सारखी विचारायची, वाजले किती? एरवी तिने मला कधी वेळ विचारलेली आठवत नाही. तू आलास की पाहशील, आमच्या घरात सकाळी नऊ ते अकरा एकाच टेबलावर तिची सुरी आणि माझी पेन्सिल चालते. आम्ही फारसं बोलत नाही. ती मधेच एखादं गाजर माझ्या पुढ्यात सरकवते, मी मधेच एखादं वाक्य तिला वाचून दाखवते आणि विचारते, हे कळलं का? तिला कळलं नाही तर मी लेखकाला कळवते. त्याला माझी तपासणी वाटते, असते तिची.

तेव्हा एकूण असं आहे की दुसरा कागद वाचता येत नाही. तू कधी येणार ते आम्हाला ठाऊक नाही. पुन्हा सवडीने लिही. घाई अजिबात नाही. तुझा गुडघा बरा होऊ दे, वहिनींचा खोकला जाऊ दे, मग हवा पालटते आहे तीही स्थिर होऊ दे. वहिनींना नमस्कार, माझ्या भाचीला पापा. तिला सांग, आत्याला पत्र लिहिताना शुद्धलेखनाची भीती बाळगायची नाही, आत्या फक्त पैसे देणाऱ्यांच्या चुका काढते.

तुझी धाकटी

ता. क. हे पत्र काल लिहून ठेवलं आणि पाकिटात घातलं. आज राहवत नाही म्हणून खरं ते लिहिते. तुझा दुसरा कागद मी आधीच वाचला होता. मंगळवारी सकाळच्या गाडीने तू येणार, आईसाठी बागेकडची खोली तयार केलीस, खिडकीला नवीन पडदे लावलेस, सगळं वाचलं. मग ह्यांनी पातळ कागद मागितला तेव्हा मीच तो कोरी बाजू वर करून त्यांच्या कोपराशी सरकवला. त्यांना यातलं काही माहीत नाही. ते तुला माफीचं वेगळं पत्र लिहितायत, त्यात आकृतीही आहे. ती माफी मोठ्या मनाने स्वीकार आणि मला सांभाळून घे. मी एवढंच मागते की तिला नेऊ नकोस. ती तिथे पडद्यांकडे बघत बसेल. तिला हे घर सोडवणार नाही, तू विचारलंस तर ती तुझं मन मोडणार नाही आणि मनातून खचेल.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं. आईने ते सुरीने उघडलं, आणि इतक्या सफाईने की मला कळलंही नाही. ती वाचत बसलेली दिसली तेव्हा कळलं. सगळं वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "त्याने दोन कागद लिहिले, तू इतके लिहिलेस. मला कुणी विचारलंत का?"

मग मी विचारलं. तुला जायचंय का?

"जायचंय तर," ती म्हणाली. "पोरीला बघून दीड वर्ष झालं. आणि खोली बागेकडची आहे म्हणतोय."

म्हटलं, कायमची? तर म्हणाली, "कायमची कशाला जाऊ. दोन महिने राहीन, येईन." आणि कपाटावरची बॅग काढून दे म्हणाली. बॅग काढताना माझी कंबर पुन्हा धरली. ती शेक द्यायला पाणी तापवायला गेली आणि तिथूनच विचारलं, "तुझं काय होईल गं, मी नसले की?" मी म्हटलं, मला काय होतंय.

तेव्हा दादा, वरच्या ता. क.मधलं तिच्याबद्दलचं सगळं खोडून टाक, ते माझ्याबद्दल होतं. मंगळवारी सकाळच्या गाडीने खुशाल ये, जेवायला थांब. स्वयंपाकाच्या बाईंना सांगून ठेव की भाजी चिरायचं काम आईचं. आणि तिला परत आणून सोडायचा दिवस मला आत्ताच लिहून कळव. तिने विचारलेला नाही, मी विचारतेय.